पहिली आज्ञा कोणाची? – संगणकाच्या जागे होण्याची गोष्ट

शनिवारची दुपार होती. शाळा सुटली होती. संगणककक्षात नववीची दोन मुले आणि मी असे तिघेच होतो. समोर आठ-नऊ वर्षांचा एक लॅपटॉप. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला जे सुटे भाग लागतात ते या यंत्रात नव्हते. बाकी यंत्र ठणठणीत. मुलांचे म्हणणे असे की, "सर, यात लिनक्स घालू. पण विंडोजही राहू द्या, कारण निकालपत्रकाची आज्ञावली तिच्यावरच चालते." एका लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली. कल्पना चांगली होती. मी होकार दिला.

तासाभरात सगळे झाले. 'यशस्वीरीत्या पूर्ण' असा संदेशही आला. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर काहीच घडले नसल्यासारखी थेट विंडोज हजर! लिनक्सचा मागमूस नाही. मग मुलांनी यंत्राच्या मूळ मांडणीच्या निळ्या पडद्यावर जाऊन एक पर्याय बदलला आणि पुन्हा सुरू केले. या वेळी पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगे कोणतेही साधन सापडले नाही. आता लिनक्सही नाही आणि विंडोजही नाही. आत पाचवी ते दहावीचे सहामाहीचे गुण होते आणि त्यांची प्रत काढायची राहून गेली होती. "सर, गेलं का सगळं?" एकाने हळूच विचारले.

सगळे गेले नव्हते. खरे तर काहीच गेले नव्हते. पण ते का गेले नव्हते हे समजायला संगणक जागा कसा होतो हे ठाऊक असावे लागते, आणि ते समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याचा इतिहास.

विरजण कुठून आणायचे?

दही लावायचे तर विरजण लागते, आणि विरजण म्हणजे दहीच. घरात दही संपले असेल तर शेजारी वाटी घेऊन जावे लागते. संगणकाची अडचण नेमकी अशीच आहे. तबकडीवरून आज्ञावली उचलून स्मृतीत आणायची, तर 'तबकडीवरून वाच' हे सांगणारी दुसरी एखादी आज्ञावली स्मृतीत आधीच हवी. ती कोणी आणायची? वीज बंद केली की मुख्य स्मृती कोरी होते. म्हणजे दर वेळी बटण दाबल्यावर संगणक अगदी अजाण असतो, आणि तरी पहिले वाक्य त्यालाच म्हणायचे असते.

या पेचाला इंग्रजीत जे नाव पडले ते बुटाशी निगडित आहे. लांब बूट पायात चढवताना ओढायला मागे एक पट्टी असते. तीच पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून उचलणे म्हणजे अशक्य गोष्ट, असा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वाक्प्रचार होता. आपल्याकडेही स्वतःच्याच खांद्यावर चढून बसण्याचा दृष्टान्त देतात, तसाच हा. १९५३ च्या सुमारास संगणकाच्या संदर्भात 'बूटस्ट्रॅप' हा शब्द छापील लेखनात दिसू लागतो. पुढे त्याचे 'बूट' तेवढे राहिले. आपण 'संगणक बूट झाला' म्हणतो तेव्हा खरे तर 'अशक्य ते आज पुन्हा शक्य झाले' असे म्हणत असतो!

बोटांनी दिलेली पहिली आज्ञा

सुरुवातीला हा पेच माणसाच्या बोटांनी सोडवला. स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवणारा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील 'बेबी'. २१ जून १९४८ रोजी त्यावर पहिली आज्ञावली चालली. आज्ञा होत्या फक्त १७. त्या एकेक खटका वर-खाली करून स्मृतीत भरल्या होत्या. संगणकाला बाहेरून विरजण लावले ते असे, चिमटीचिमटीने.

पुढच्याच वर्षी केंब्रिजला 'एडसॅक' हा संगणक चालू झाला. ६ मे १९४९ हा त्याचा पहिला दिवस. तिथे डेव्हिड व्हीलर नावाचा बावीस वर्षांचा संशोधक विद्यार्थी होता. दर वेळी खटके कोण दाबत बसणार? त्याने फक्त ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली बांधली. तिचे काम एवढेच: कागदी फितीवरची भोके वाचायची, त्यांतून खरी आज्ञावली स्मृतीत रचायची आणि मग बाजूला व्हायचे. या ३१ आज्ञा टेलिफोन केंद्रात तेव्हा वापरत तशा यांत्रिक निवडखटक्यांवर तारांनी कायमच्या पक्क्या केल्या होत्या. सुरू करण्याचे बटण दाबले की त्या आपोआप स्मृतीच्या आरंभी उतरत. 'आरंभीच्या आज्ञा' हेच त्यांचे नाव होते. विरजणाची वाटी यंत्राच्या आतच ठेवण्याची ही पहिली युक्ती. आजच्या लॅपटॉपमध्येही मुळात हीच युक्ती आहे.

आयबीएमच्या १९५२ साली जाहीर झालेल्या ७०१ या संगणकात आणखी एक गंमत होती. 'भर' असे बटण दाबले की यंत्र पहिल्या कार्डावरचे अगदी थोडे शब्द उचलून स्मृतीत ठेवी आणि ते आज्ञा समजून चालवू लागे. त्या मोजक्या शब्दांत पुढचे कार्ड वाचण्याची सूचना असे, त्या कार्डात त्यापुढचे. लहान आज्ञावली मोठीला बोलावते, मोठी आणखी मोठीला. ही साखळी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा इतिहास याच साखळीचा आहे.

खटके मात्र बराच काळ टिकले. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा घरी जोडायचा संगणक जाहीर झाला. त्याला ना कळफलक ना पडदा, फक्त खटके आणि लुकलुकणारे दिवे. बिल गेट्स आणि पॉल अॅलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली. अल्टेअर त्यांच्याकडे नव्हताच. दुसऱ्या संगणकावर त्याची नक्कल करून हे काम केले होते. अॅलन कागदी फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाला. विमान उतरायच्या बेताला त्याच्या ध्यानात आले की फीत वाचून स्मृतीत भरणारी छोटी आज्ञावली लिहायची राहूनच गेली आहे! भाषा तयार, पण तिला आत न्यायला दार नाही. त्याने विमानातच ती कागदावर लिहून काढली, आणि कंपनीत गेल्यावर खटक्यांनी आत घातली. फीत वाचली गेली. त्याने दोन अधिक दोन किती असे विचारले आणि यंत्राने चार असे उत्तर दिले. एका उद्योगाचे भवितव्य त्या दिवशी त्या छोट्या भरण-आज्ञावलीवर तोलले गेले होते.

५१२ बाइटांची चिठ्ठी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला. आज मेजावर आणि मांडीवर दिसणारे बहुतेक संगणक त्याच्याच वंशातले. यात विरजणाची वाटी होती कायमस्वरूपी स्मृतीच्या चिपमध्ये, आणि तिचे नाव 'बायॉस'. वीज आली की प्रक्रियक डोळे मिटून एका ठरावीक पत्त्यावर जाई. तो पत्ता दहा लाख बाइटांच्या त्याच्या आवाक्यात अगदी शेवटाला, टोकापासून फक्त १६ बाइट अलीकडे. तिथे बायॉसकडे जाण्याची खूण असे. बायॉस आधी स्मृती, कळफलक वगैरे अवयव तपासी. मग फ्लॉपीचा पहिला कप्पा, म्हणजे फक्त ५१२ बाइट, उचलून स्मृतीत ठेवी आणि सूत्रे त्याच्या हाती देऊन मोकळा होई. त्या ५१२ बाइटांत काय आहे हे बायॉस विचारत नसे. वाचता आले की चालवायचे.

मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला 'एक्सटी' हा संगणक आला. डिस्क मोठी, म्हणून तिचे विभाग पाडण्याची सोय केली. पहिल्या कप्प्याची वाटणी झाली ती अशी: ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी, आणि शेवटचे २ बाइट 'हा कप्पा खरा आहे' या खुणेसाठी. तक्त्यात चार ओळी, प्रत्येकी १६ बाइटांची. चारांपैकी ज्या विभागावर 'चालू' अशी खूण असेल, त्याच्याकडे सूत्रे द्यायची.

या चार ओळी कशासाठी होत्या? एकाच डिस्कवर चार निरनिराळ्या कार्यप्रणाली नांदू शकाव्यात म्हणून. आयबीएमच्या तांत्रिक पुस्तिकेतच तसा उद्देश नोंदलेला आहे. त्या काळी डॉस, सीपीएम, युनिक्सचे प्रकार असे बरेच दावेदार होते आणि कोण टिकेल हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे एका यंत्रावर दोन कार्यप्रणाली ठेवणे हा पुढे कोणी काढलेला उद्योग नव्हे. पहिल्या हार्ड डिस्कपासून त्याची जागा राखून ठेवलेली आहे. जागा चार घरांची होती. मात्र दार एकच होते, आणि दारावर ४४६ बाइटांची एकच चिठ्ठी मावत होती.

चिठ्ठी कोणी लिहायची?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहोत असे जाहीर केले. पुढे तिचे नाव लिनक्स झाले. ती लिहिताना त्याच्या संगणकावर मिनिक्स ही दुसरी प्रणाली होती. एके दिवशी मोडेमला द्यायच्या सूचना त्याने चुकून हार्ड डिस्कवरच लिहिल्या आणि मिनिक्सचा विभाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने लिनक्सच पूर्णवेळ वापरायचे ठरवले. हा प्रसंग त्याने पुढे आत्मकथनात सांगितला आहे. दोन प्रणाली शेजारी-शेजारी नांदवताना हात पोळलेल्यांत खुद्द लिनक्सचा कर्ताही आहे, हे आपल्याला धीर देणारे आहे.

लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांना डॉस किंवा विंडोजही हवी असे. त्यासाठी १९९२ साली वेर्नर आल्मेसबेर्गर याने 'लिलो' हा भरणक लिहिला. त्याची एक सोय शिक्षकांना फार आवडावी. लिलो आपल्या नावाची इंग्रजी चार अक्षरे पडद्यावर एकेक करून उमटवी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे ओलांडलेला एक टप्पा असे. फक्त 'एल' दिसून यंत्र थांबले, तर पहिली चिठ्ठी वाचली गेली पण दुसरा टप्पा सापडला नाही. 'एल, आय' दिसले तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही. तीन अक्षरे उमटून थांबले तर दुसरा टप्पा चालू झाला, पण फाइलींच्या जागांची यादी वाचता आली नाही. चारही अक्षरे दिसली तर सर्व ठीक. थांबलेल्या नावावरून दोष कुठे आहे ते कळे. साखळी कुठल्या कडीला तुटली हे विचारा, 'संगणक बिघडला' असे म्हणू नका, हा धडा त्या चार अक्षरांत होता.

त्या काळचा एक छळवादी दोष पाहू. संगणक महिनोन्महिने नीट चालत असे. मग एके दिवशी लिनक्सचा गाभा नवा बसवला की यंत्र उठतच नसे. आज्ञावलीत चूक नसे, डिस्कही शाबूत. कारण काय? बायॉसच्या भाषेत डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांत सांगायचा असे: वर्तुळाचा थर, वाचणारे डोके आणि कप्पा. थराच्या क्रमांकाला १० बिट दिलेले. १० बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. लिलो हा बायॉसच्या डोळ्यांनीच डिस्क वाचत असे. नवी फाइल १०२४ व्या थरापलीकडे पडली की ती असूनही दिसत नसे. जुन्या डिस्कजोडणीत डोक्यांची मर्यादा १६ आणि कप्प्यांची ६३. आता गुणाकार करा: १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४. म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. सुरुवातीला कोणी तरी दहा बिट पुरे म्हटले, त्याची किंमत लोकांनी पुढे पंधरा-वीस वर्षे मोजली.

दुसरा दोष याहून साधा. लिनक्स आणि विंडोज दोन्ही असलेल्या यंत्रावर विंडोज पुन्हा बसवली की ती दारावरची जुनी चिठ्ठी फाडून आपली लावी. त्या चिठ्ठीत लिनक्सचा उल्लेखच नसे. लिनक्स डिस्कवर सुखरूप असे, फक्त तिच्याकडे जाण्याचा रस्ता पुसला जाई. म्हणून 'आधी विंडोज बसवा, मग लिनक्स' हा नियम रूढ झाला. शेवटी येईल त्याने चिठ्ठी लिहायची, तर निदान जो दुसऱ्याचे नाव लिहितो त्याने शेवटी यावे!

ही चिठ्ठी केवळ तांत्रिक बाब नव्हती. १९९८-९९ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने आपल्या काही संगणकांवर विंडोजबरोबर 'बीओएस' ही दुसरी प्रणालीही भरून दिली. पण संगणक चालू केला की दोहोंपैकी निवड करायला लावणारी यादी येतच नसे. बीओएस आत असून लपलेली. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे असे झाले असा आरोप करून बी कंपनीने २००२ साली खटला भरला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बी कंपनी बंद पडली होती. पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर काय दिसावे, यावर एका प्रणालीचे जगणे-मरणे ठरू शकते.

१९९५ साली एरिक बोलिन याने 'ग्रब' हा वेगळ्या धाटणीचा भरणक लिहायला घेतला. लिलो फाइलींचे पत्ते पाठ करून ठेवी. ग्रबला फाइलींची रचना स्वतः वाचता येत असे. म्हणून गाभा बदलला तरी चिठ्ठी पुन्हा लिहावी लागत नसे. पण ४४६ बाइटांत एवढी विद्या कशी मावणार? तेव्हा चिठ्ठीत फक्त 'पुढचा भाग अमुक ठिकाणी आहे' एवढेच लिहिलेले असे. पुढे कोणी विंडोजमधून 'हा नको असलेला विभाग' म्हणून लिनक्सचा विभाग पुसला की चिठ्ठी राही, पण ती दाखवते ते घर नाहीसे होई. 'ग्रब रेस्क्यू' असे लिहून ताटकळणारा काळा पडदा पुष्कळांनी पाहिला असेल. तो याच साखळीतली मधली कडी तुटल्याचे सांगतो.

दारावर पहारेकरी

वाचता आले की चालवायचे, हा बायॉसचा भाबडेपणा चोरांच्याही लक्षात आला. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसत असे. नंतरच्या बूट-विषाणूंनी हार्ड डिस्कचा पहिला कप्पाही धरला. फ्लॉपी खणात विसरून संगणक चालू केला की पुरे. 'ही प्रणालीची तबकडी नाही' असा संदेश वाचेपर्यंत विषाणू आत शिरलेला असे. 'मायकेलअँजेलो' हा विषाणू दर वर्षी ६ मार्चला जागा होऊन डिस्कचा आरंभीचा भाग पुसत असे. १९९२ च्या मार्चमध्ये त्याची जगभर धास्ती होती. प्रत्यक्ष हानी भीतीपेक्षा पुष्कळ कमी झाली. पण कार्यप्रणालीच्याही आधी जो जागा होतो त्याला पकडणार कोण, हा प्रश्न राहिलाच.

दरम्यान जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली होती. चार ओळींचा तक्ता ३२ बिटांचे आकडे वापरत असल्याने ५१२ बाइटांच्या कप्प्यांच्या डिस्कवर २ टेराबाइटांपुढे जाऊ शकत नसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने आपल्या नव्या प्रक्रियकासाठी वेगळी पद्धत आखली. २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या मंडळामार्फत 'यूईएफआय' या नावाने पुढे गेली. तिच्यात ४४६ बाइटांची चिठ्ठी नाही. डिस्कवर एक छोटा विभाग केवळ भरणकांसाठी राखलेला असतो आणि प्रत्येक कार्यप्रणाली त्यात आपापली पेटी ठेवते. विभागांच्या नव्या तक्त्यात सर्वसाधारणपणे १२८ ओळी असतात. कोणाला आधी उठवायचे याची यादी यंत्राच्या स्वतःच्या कायम स्मृतीत असते. शेजाऱ्याची चिठ्ठी फाडण्याचे कारणच उरले नाही.

तरी भांडण मिटले नाही, जागा बदलली. आता प्रश्न यादीचा झाला. २०१२ साली मॅथ्यू गॅरेट या लिनक्स-तज्ज्ञाने दाखवून दिले की लेनोव्होच्या एका संगणकात यादीतील नोंदीचे नाव 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' असेल तरच ती चालते. दुसरे नाव दिसले की यंत्र ती नोंद नाकारते. मानकात असा नियम कुठेही नव्हता. यंत्राच्या आतील आज्ञावलीत कोणी तरी नावे जुळवून पाहत होते, एवढेच.

त्याच वर्षी विंडोज ८ बरोबर 'सुरक्षित बूट' सर्वत्र आले. यात प्रत्येक भरणकावर अंकीय सही असते. यंत्र ती सही आपल्या कायम स्मृतीतल्या किल्ल्यांशी ताडून पाहते. जुळली नाही तर चालवत नाही. बूट-विषाणूंना हे चोख उत्तर होते. पण किल्ल्या कोणाच्या? बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या. मग लिनक्सने काय करायचे? 'शिम' नावाचा एक छोटा दुवा लिहिला गेला. मायक्रोसॉफ्ट त्यावर सही करते, आणि तो पुढे लिनक्सच्या भरणकाची सही तपासतो. इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर मालकाला ही तपासणी बंद करता आली पाहिजे, अशी विंडोज ८ च्या मान्यतेची अट होती. एआरएम प्रक्रियकाच्या यंत्रांवर मात्र ती बंद करता येऊ नये, अशी उलटी अट होती. पहारेकरी हवा हे सर्वांना मान्य. तो घरमालकाचे ऐकणार की बांधणाऱ्याचे, यावर मतभेद आहेत आणि ते अजून संपलेले नाहीत.

याचे ताजे उदाहरण ऑगस्ट २०२४ चे. ग्रबमधल्या जुन्या सुरक्षादोषांमुळे त्याच्या जुन्या आवृत्त्या नाकारण्याची सूचना मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या मासिक सुधारणेतून पाठवली. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असे सांगितले होते. पण कित्येक यंत्रांवर दुसरी प्रणाली आहे हे तिला ओळखताच आले नाही. लोकांनी लॅपटॉप उघडले तो लिनक्सच्या जागी 'काही तरी फार गंभीर बिघडले आहे' अशा अर्थाची ओळ! डिस्कवरचे एकही अक्षर बदलले नव्हते. सुरक्षित बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये जाऊन ती नकाराची सूचना काढून टाकली की काम भागत होते. चार अक्षरांच्या लिलोचाच धडा पुन्हा: आधी कडी शोधा.

पुन्हा आमचा लॅपटॉप

आता शनिवारच्या दुपारकडे येऊ. आमच्या यंत्रावर विंडोज नव्या पद्धतीने बसवलेली होती. मुलांनी बदललेला पर्याय होता 'जुनी पद्धत' हा. म्हणजे यंत्र राखीव विभागातल्या पेट्या सोडून पहिल्या कप्प्यात ४४६ बाइटांची चिठ्ठी शोधू लागले. नव्या पद्धतीच्या डिस्कवर तिथे चिठ्ठी नसतेच. म्हणून 'बूट करण्याजोगे साधन नाही'. संदेश खरा होता, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा घेतला. पर्याय पूर्ववत केला आणि विंडोज परत आली. गुणपत्रके जागच्या जागी होती. पहिले काम म्हणून त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढली. हे काम सर्वांत आधी करायचे असते, ही चूक माझी.

मग मुलांना चार प्रश्न फळ्यावर लिहून दिले. यंत्र कोणत्या पद्धतीने उठते, जुन्या की नव्या, आणि दोन्ही प्रणाली त्याच पद्धतीने बसवल्या आहेत का? यादीत दुसऱ्या प्रणालीचे नाव आहे का, आणि कितवे? पहारेकरी सही नाकारतो आहे का? आणि विंडोज खरोखर बंद झाली आहे की अर्धवट झोपली आहे? हा शेवटचा प्रश्न पुष्कळांना माहीत नसतो. विंडोज ८ पासून 'जलद आरंभ' या सोयीमुळे बंद केलेले यंत्र आपला गाभा डिस्कवर साठवून निजते. अशा वेळी तिच्या विभागात लिनक्सने लिहिणे धोक्याचे. ती सोय बंद करावी. आणखी एक: डिस्क कुलूपबंद असेल तर सुरक्षित बूटला हात लावण्यापूर्वी तिचा पुनःप्राप्तीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, नाही तर विंडोज तो मागून अडून बसते.

आमच्या बाबतीत उत्तर दुसऱ्या प्रश्नात निघाले. यादीत लिनक्सचे नाव होते, पण विंडोजच्या खाली. ते वर सरकवले. पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर दोन नावे आली आणि कोणाला उठवू असे यंत्राने विचारले. १९८३ च्या पुस्तिकेत ज्याची जागा राखली होती, ते आमच्या संगणककक्षात घडायला एवढा वेळ लागला.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे ४४६ बाइटांत १४८ चिन्हे मावतात. काना, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त आणि शब्दांमधली जागाही मोजायची. जागेला एकच बाइट लागतो, पण सोपेपणासाठी तीनच धरू. मुलांना सांगा: गावात नव्याने आलेल्या माणसाला शाळेची किल्ली शोधून दार उघडता येईल अशी सूचना १४८ चिन्हांत लिहा. थोड्याच वेळात एखादा मुलगा विचारेल, "सर, पुढची सूचना दाराआड लिहून ठेवली आणि इथे फक्त दार कुठे ते सांगितलं तर चालेल का?" त्याला शाबासकी द्या. व्हीलरपासून ग्रबपर्यंत सगळ्यांनी हेच केले.